पान सदुसष्टवरच्या खुनाबाबत माझा खुलासा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, जिला छापखान्यात तोंडावर 'बाई' आणि पाठीमागे 'लालशाई' म्हणत, माझ्या राहत्या घराच्या पुढल्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. मला दिसत नाही, म्हणून वाचनालयाचे ग्रंथपाल ते उतरवून घेत आहेत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, मी कसल्या गोळीच्या गुंगीत नाही आणि मला कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लाडीगोडी लावण्याइतक्या जवळ माझ्या कोणी येत नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असतं आणि ते कोणी वाचत नाही. माझ्या बाबतीत मात्र ते सिद्ध करावं लागणार आहे, म्हणून पुढचा बराचसा मजकूर मी अलीकडे वाचलेल्या पुस्तकांबद्दल आहे. ज्यांना घर कोणाला मिळालं एवढंच बघायचं असेल त्यांनी थेट कलम सातवर जावं. माझी मुलगी आणि माझे धाकटे दीर तिथेच जातील याची मला खात्री आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर आज फाडलं असतं.

कलम एक. माझी माणसं. माझे यजमान हयात नाहीत. मुलगा हयात नाही; त्याच्याबद्दल कलम आठमध्ये सांगेन. एक मुलगी आहे, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते. दर रविवारी येते आणि आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडते, जशी काही मी आठवडाभर श्वास घेतलेलाच नाही. एक धाकटे दीर आहेत, त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आहे. आणि एक सून आहे, माझ्या मुलाची बायको. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलरी बसवते, संध्याकाळी घरी येते, चहा टाकते आणि मला पुस्तक वाचून दाखवते. माझी नजर गेल्यापासून हा क्रम चुकलेला नाही. या घरात आम्ही दोघीच आहोत आणि आमच्यात पुस्तकं सोडून फारसं बोलणं होत नाही.

कलम दोन. माझ्या नोकरीबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आमच्या छापखान्यात छपाई तपासायला दोघं समोरासमोर बसत. एकानं लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, तीही स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद असं सगळं उच्चारून. दुसऱ्यानं, म्हणजे मी, छापलेल्या कागदावर लाल शाईनं चुका धरायच्या. या कामाचा एकच नियम होता. वाचणाऱ्याचा आवाज म्हणजे मूळ प्रत. त्यावर शंका घ्यायची नाही. चूक असेल तर ती छपाईत असेल, नाहीतर लेखकाच्या अकलेत असेल. आवाजात कधीच नसते. शंका घेत बसलं तर दिवसाला एक पानसुद्धा उरकायचं नाही. हा नियम माझ्या हाडांत मुरला आहे. लोक त्याला आता माझी चूक म्हणतात. मी त्याला शिस्त म्हणते आणि ज्यांना ती कधी लागली नाही त्यांनी माझ्यापुढे तोंड उघडू नये.

कलम तीन. अभिप्रायफलकाबद्दल. वाचनालयाच्या दारात एक फलक आहे, त्यावर सभासदांचे पुस्तकांवरचे अभिप्राय लावतात. बहुतेक सभासद 'छान आहे', 'मन भारावून गेलं' असं लिहितात. माझे अभिप्राय मी ग्रंथपालांना फोनवर सांगते. ते शनिवारी स्वतः पुस्तकं घरी आणून देतात, म्हणून सुनेला त्या फलकाकडे जायचं कारण पडत नाही आणि मी काय सांगते हे तिला ठाऊक नव्हतं. गेल्या काही महिन्यांतले माझे अभिप्राय जसेच्या तसे देते, कारण माझ्या मुलीनं मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवले आहेत आणि उद्या ती ते कोर्टात नाचवेल.

रहस्यकथा: "पान सदुसष्टवर हिऱ्यांचा एक व्यापारी परगावी जातो. त्यानंतर एक निवृत्त फौजदार उरलेलं सगळं पुस्तक घरातल्या एकेकाला विचारत हिंडतो की तुम्ही त्या वेळी कुठे होता. तिकीटखिडकीवर चौकशी केली असती तर पुस्तक तिथेच संपलं असतं. शेवटी हिशेबनीस ढसाढसा रडून कबूल करतो की त्यांना मीच पाठवलं, आणि त्याला बेड्या पडतात. माणसाला परगावी पाठवणं हा कोणत्या कायद्यानं गुन्हा आहे हे लेखकानं सांगावं. आमच्याकडे पाठवण्याजोगे बरेच आहेत."

ऐतिहासिक कादंबरी: "दोन राजे अर्धं पुस्तक लढाईची तयारी करतात. सकाळी तलवारी उपसल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक परगावी निघून जातात. सेनापती तर घोड्यावरून पडता पडता गेला. मग मैदानावर गिधाडं कशासाठी जमली? खुलासा नाही. लेखकाला रक्त बघवत नसेल तर त्यानं बागकामावर लिहावं."

भयकथा: "एक बाई बऱ्याच वर्षांनी परगावहून स्वतःच्या घरी परत येते. घरातले तिला पाहून किंचाळतात, दारं लावून घेतात, दिवे घालवतात. तिला साधं पाणीसुद्धा कोणी विचारत नाही. माझ्या अंगावर काटा आला तो या कुटुंबाच्या वागणुकीनं."

प्रेमकथा: "नायिका तीन प्रकरणं खोकते, मग परगावी जाते ती जातेच. नायक तिच्या आठवणीसाठी झाड लावतो. पत्ता माहीत असताना झाड कशाला? पत्र टाकायचं."

हे चारही अभिप्राय वाचून अख्खं वाचनालय पोट धरून हसलं, हे मला नंतर कळलं. मी मात्र बऱ्याच जणांना विचारत होते की हल्लीच्या लेखकांना झालंय काय. कोणाला धड मारायला म्हणून येत नाही.

मग एका रविवारी मुलगी आली ती दिरांना घेऊन. खिडक्या न उघडताच बसली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी शिजलं आहे.

"आई, फलकावरचं हे तू लिहिलंयस?"

"लिहिलं नाही, सांगितलं. काही चुकलंय?"

"अगं, लोक हसतायत! पान सदुसष्टवर खून आहे. धडधडीत खून. त्या व्यापाऱ्याच्या मानेत सुरा आहे."

"तू वाचलंस पुस्तक?"

"मी कशाला वाचू? सगळे सांगतायत ना."

दीर खाकरले. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. वय झालं की ऐकलेलं डोक्यात राहत नाही. माझ्या आत्मचरित्रात मी यावर एक प्रकरणच टाकलंय."

"भावजी, तुमच्या आत्मचरित्रातलं एक अक्षर माझ्या डोक्यात राहिलेलं नाही. त्याला वय कारण नाही."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. सून आत होती. मुलीनं आवाज खाली घेतला. ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही येत नाही असं तिला वाटतं. म्हणाली, "काका, डॉक्टरांचा कागद करून घेऊ, डोकं चालत नाही म्हणून. घर विकू आणि आईला मी माझ्याकडे नेते. तसंही वहिनीचं या घरात आता राहिलंय कोण?"

एवढं झाल्यावर तिनं उठून खिडक्या उघडल्या.

कलम चार. खुलासा. दुसऱ्या दिवशी, सून कामावर गेल्यावर, मी ग्रंथपालांना बोलावलं आणि पान सदुसष्ट वाचायला सांगितलं. ते आता स्वतःच हे उतरवून घेत आहेत, तेव्हा खोटं असेल तर त्यांनी इथेच थांबावं. थांबले नाहीत. त्यांनी वाचलं: व्यापारी मेलेला होता. मग मी त्यांना लढाई वाचायला लावली, प्रेमकथेचा शेवट वाचायला लावला, भुताचं पहिलं प्रकरण वाचायला लावलं. भूत होतं ते! दुपारभर ते मेलेली माणसं वाचत होते आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून ऐकत होते. एकाही पुस्तकात कोणी परगावी गेलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सुनेनं नेहमीसारखं पुस्तक उघडलं. समुद्रप्रवासाचं होतं. जहाज खडकावर आपटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच मजकूर न ऐकता आवाज ऐकला. तिनं किंचित श्वास घेतला आणि न अडखळता वाचलं की सगळे उतारू पोहत किनाऱ्याला लागले आणि तिथून परगावी गेले.

"सगळेच?" मी विचारलं.

"हो आई. सगळेच."

"लहान मुलंसुद्धा?"

"मुलांना आधी पाठवलं," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

मला तिचा संताप आला. चाळीस वर्षं आवाजावर विश्वास टाकून जगलेल्या बाईला, तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीत बसवून फसवायचं! मग तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. मी तिला जाब विचारला नाही. मला तिचं कारण कळत होतं असं मला वाटलं. जिचा नवरा गेला तिच्या तोंडून तो शब्द निघत नसेल. माझ्याही तोंडून दोन वर्षं निघालेला नाही, आणि माझ्या तोंडून काय काय निघतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता माझी मुलगी म्हणेल, बघा, ती आंधळ्या सासूला फसवत होती, घरही तिनं असंच फसवून लिहून घेतलं. फसवत होती, कबूल. पण जिला घर लाटायचं असतं ती म्हातारीला मरणाची आठवण करून देत राहते. ती लपवून ठेवत नाही.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा इथे पुरा झाला. मला जे ऐकवलं त्यावर मी मत दिलं, आणि ते मत ऐकवलेल्या मजकुरापुरतं तंतोतंत बरोबर होतं. कोणीही दोन्ही समोर ठेवून ताडून पाहावं.

कलम पाच. सुधारित अभिप्राय. ही पुस्तकं वाचनालयाची आहेत, ती मला कोणाच्या नावे करता येत नाहीत. मतं माझी स्वतःची आहेत, ती करते.

रहस्यकथेबद्दलचं मत मुलीला. खून झाल्याचं धरून पुन्हा विचार केला. कादंबरी तरीही भिकार आहे. हिशेबनीस पहिल्यांदा घाम पुसतो तिथेच सगळं कळतं. तो फौजदार दुसऱ्यांच्या घरात शिरून त्यांच्याच बायकामाणसांवर संशय घेतो आणि स्वतःला फार हुशार समजतो. मुलीनं हे दोनदा वाचावं.

ऐतिहासिक कादंबरीतला खरा लढाईचा भाग ऐकला. सोळा पानं नुसतं रक्त, आणि मरणारा प्रत्येक सैनिक मरण्यापूर्वी भाषण करतो. मानेवर वार झालेला माणूस दीड पान बोलतो. सुनेचे सैनिक गुपचूप चालते झाले, ते बरे.

भयकथा खऱ्या भुतासकट आणखी वाईट आहे. तिच्यात कुठेही भीती नाही, फक्त दारं करकरतात. परगावहून आलेल्या बाईला घरच्यांनी पाणी विचारलं नाही, ही सुनेची भर होती. मूळ लेखकाला ते सात जन्मांत सुचलं नसतं. प्रेमकथा दोन्ही रूपांत टाकाऊ आहे. ती कोणालाही न देता तशीच सोडते.

मुलीनं वाढदिवसाला दिलेलं, पहाटे उठून श्रीमंत कसं व्हावं याचं पुस्तक मात्र माझं स्वतःचं आहे. त्यात कोणी मरत नाही, त्यामुळे ते एकच पुस्तक माझ्यापर्यंत जसंच्या तसं पोचलं, आणि सगळ्यांत खोटं तेच आहे. लेखक म्हणतो की दुःख ही सवय आहे, ती एकवीस दिवसांत सुटते. सुनेनं हे वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. तेवढं एकदाच तिनं न विचारता वाचन थांबवलं. हे पुस्तक मुलीला परत करावं.

कलम सहा. बाकीचं सामान. छापखान्यातलं उतरतं टेबल, पितळी पट्टी, भिंग आणि लाल पेनं आमच्या जुन्या मशीनवाल्याला द्यावीत. आयुष्यभर तो माझ्याशी भांडला, कारण मी चूक धरली की त्याला मशीन थांबवावं लागे. त्यानं ती पेनं रोज बघावीत आणि मला शिव्या द्याव्यात, मला काही वाटणार नाही. बँकेत असेल ते मुलीला. तिनं ते खिडक्यांना चांगले पडदे करायला वापरावं अशी सूचना आहे, सक्ती नाही. कपाटातल्या साड्या दोघींनी भांडून घ्याव्यात. सून भांडणार नाही, म्हणून निम्म्या आधीच तिच्या कपाटात ठेवल्या आहेत.

दिरांनी आत्मचरित्र स्वखर्चानं छापलं आणि न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे माझ्या माळ्यावर आणून टाकले, 'तात्पुरते' म्हणून. ते त्यांनी स्वतःच्या हातांनी खाली उतरवून न्यावेत. या पुस्तकावर अभिप्राय मागितला होता, तो असा: लेखक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बरोबर असतो. घरात काही बरं झालं तर ते यांच्या सल्ल्यानं, वाईट झालं तर सल्ला न ऐकल्यानं. भाषा धोब्याच्या इस्त्रीसारखी, जिथे फिरते तिथे सगळं सपाट. शुद्धलेखनाच्या चुका मी मोजल्या नाहीत, कारण डोळे गेले होते. देवानं माझ्यावर एवढी दया केली.

कलम सात. घर. जिना चढून डावीकडचं हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा सज्जा, माझ्या स्वकष्टाच्या कमाईचं आहे. त्यात यजमानांचा, दिरांचा किंवा कोणाच्या वाडवडिलांचा एक खिळासुद्धा नाही. हे घर माझ्या पश्चात पूर्णपणे माझ्या सुनेचं. तिनं इथे राहावं, भाड्यानं द्यावं, विकावं, पुन्हा लग्न करून नव्या नवऱ्याला इथे आणावं. माझी अट कसलीही नाही. तिचं या घरात कोण राहिलंय, असं ज्यांनी विचारलं त्यांना हे उत्तर आहे: ती स्वतः.

कायद्यानं एक गोष्ट करावी लागते. लिहून देणाऱ्याला दिसत नसेल तर मृत्युपत्र त्याला पूर्ण वाचून दाखवायचं आणि त्यानं ते बरोबर असल्याचं साक्षीदारांपुढे सांगायचं. ग्रंथपालांनी वाचतो म्हटलं, साक्षीला बोलावलेल्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनीही म्हटलं. मी नको म्हटलं. सून वाचेल. ग्रंथपाल दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून ताडून पाहतील, आमच्या छापखान्यात करत तसंच. तिनं एक शब्द जरी बदलला तरी मी सही करणार नाही. हे क्रूरपणाचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण उद्या माझी मुलगी विचारणार आहे की सुनेनं म्हातारीला कागदावर होतं तेच वाचून दाखवलं कशावरून. त्या वेळी दोन साक्षीदारांना सांगता आलं पाहिजे. नाहीतर घर गेलं म्हणून समजा.

कलम आठ. माझा मुलगा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हात नेहमी ग्रीसचे, आणि त्याच हातांनी पुस्तक उचलायचा म्हणून माझ्या शिव्या खायचा. दोन वर्षांपूर्वी कचेऱ्यांच्या एका इमारतीत काम करताना तो लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्यात पडला आणि जागच्या जागी मेला. सुनेचा कारखाना जवळ, म्हणून ती तिथे आधी पोचली. मला बातमी दिली दिरांनी, फोनवर. मी फोन उचलला, आणि हॅलो म्हणायच्या आत ते म्हणाले, "वहिनी, मुलगा गेला. लिफ्टमधून पडला. जागच्या जागी." मी उभी होते, मला बसूसुद्धा दिलं नाही. हा फोन त्यांनी आत्मचरित्रात घातला आहे, त्या प्रसंगात आपण किती धीरानं वागलो हे सांगण्यासाठी. सुनेनं ते प्रकरण मला वाचून दाखवलं नाही; दिरांनी स्वतः म्हणून दाखवलं. माझा त्यांच्यावरचा राग गठ्ठ्यांचा नाही. या फोनचा आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर घेऊन जाते.

माझा मुलगा मला फार आवडायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण तो चुका फार करायचा आणि मला त्या दिसायच्या.

पुरवणी. वरचा मजकूर सुनेनं आज, डॉक्टर आणि मशीनवाला यांच्यासमोर मला वाचून दाखवला. त्यात जे झालं तेही मी सांगते आणि ग्रंथपाल लिहितात.

तिनं विरामचिन्हांसकट वाचलं, मी सांगितलं होतं तसं. फलकावरचे अभिप्राय तिनं पहिल्यांदाच ऐकले, म्हणजे वाचले. मशीनवाला गिधाडांपाशी हसला, ती हसली नाही. कलम चारमध्ये स्वतःबद्दलचं आलं तेव्हा तिचा आवाज खाली गेला, पण थांबला नाही. 'व्यापारी मेलेला होता' हे तिनं स्पष्ट वाचलं. ग्रंथपाल म्हणाले, बरोबर. सात कलमं एकही अक्षर न बदलता झाली.

आठव्यात, 'मोकळ्या खड्ड्यात पडला आणि' इथे ती थांबली.

डॉक्टर म्हणाले, "इकडे द्या, मी वाचतो."

"नको," सून म्हणाली. मग म्हणाली, "आई, इथे चूक आहे."

"कुठे?"

"जागच्या जागी नाही. मी पोचले तेव्हा तो बोलत होता. गाडीतसुद्धा बोलत होता, दवाखाना येईपर्यंत."

मी विचारलं, "काय बोलत होता?"

"तुमचंच. म्हणाला, आईला एकदम सांगू नकोस. आधी तिला बसव, मग हळूहळू सांग. पाच-सहा वेळा तेच म्हणाला. मी हो म्हटलं. आणि घरी आले तर काकांचा फोन येऊन गेला होता. तुम्ही तशाच उभ्या होतात, फोन हातात." तिनं कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. "मला एवढंच काम सांगितलं होतं त्यानं. मग निदान पुस्तकातलं तरी कोणी एकदम जायला नको, म्हटलं."

मला कारण कळलं आहे असं मी कलम चारमध्ये सांगितलं. मला काहीही कळलं नव्हतं. ते कलम तसंच राहू द्यावं.

मी डॉक्टर, मशीनवाला आणि ग्रंथपाल या तिघांना मागच्या सज्जात जाऊन बसायला सांगितलं. सुनेला म्हटलं, "मी बसलेली आहे. आता सांग." तिनं सांगितलं. त्याला वेळ लागला. ते या कागदावर येणार नाही.

तिघांना परत बोलावल्यावर तिनं ते वाक्य पहिल्यापासून वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. ग्रंथपाल म्हणाले, "बरोबर."

कलम आठमध्ये 'आणि' या शब्दापुढचे 'जागच्या जागी' हे दोन शब्द माझ्या सांगण्यावरून लाल शाईनं खोडले आहेत. दिरांच्या फोनमधले तेच शब्द खोडलेले नाहीत. ते त्यांनी खरोखर उच्चारले होते. बाकी मजकूर मी ऐकला, तो माझाच आहे, आणि वरची दुरुस्ती मला मान्य आहे.

लिहून देणार: सही (रेघेखाली गेली आहे, हात धरून पुन्हा करू नये)

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. लिहून देणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे.

साक्षीदार दुसरे: छापखान्यातले मशीनवाले. बाईंशी त्यांचं पटत नाही, म्हणून मुद्दाम निवडले.

उतरवून घेणार आणि ताडून पाहणार: वाचनालयाचे ग्रंथपाल.

वाचून दाखवणार: सून. दुरुस्ती तिची.

ठिकाण: राहतं घर, पुढली खोली. सोमवार, सात फेब्रुवारी, सकाळी.